लोकांच्या माळ्यावरची दप्तरं शोधत राजवाडे आयुष्यभर फिरले, म्हणून ठाण्यालाही आपला जुना इतिहास सापडला

२०२३च्या अखेरीस महाराष्ट्रात एका प्रकारच्या माणसांना अचानक मागणी आली. मोडी वाचता येणारी माणसं.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं बाहेर निघाली. आणि मग लक्षात आलं, की यातले कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत. पणजोबांचं नाव समोरच्या कागदावर आहे, पण ते पणतूलाही वाचता येत नाही आणि कचेरीतल्या कारकुनालाही.

आपल्या घराण्याची माहिती कुठेतरी लिहिलेली असते, ती सांभाळली नाही तर जाते, आणि गेली की पुन्हा येत नाही. ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस महाराष्ट्रभर फिरून सांगत होता. लोकांच्या दारात जाऊन, माळ्यावरचे रुमाल खाली काढायला लावून.

त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. इतिहासाचार्य राजवाडे.

३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, रस्त्यांना आणि सभागृहांना दिलेलंही दिसतं. पण त्यांनी नेमकं काय केलं आणि त्याचा ठाणे-कल्याणकडच्या माणसाशी काय संबंध, हे फारसं सांगितलं जात नाही. तेच आज बघू.

वरसईचे राजवाडे

राजवाड्यांचा जन्म १८६३चा. घराणं कोकणातलं, पेण तालुक्यातल्या वरसईचं. डोंबिवली-ठाण्यातल्या अनेक घरांचं मूळ गाव असंच कोकणातलं एखादं खेडं असतं, तसंच हे.

या छोट्या वरसईचा एक योगायोग सांगायलाच हवा. १८५७च्या बंडाचा मराठीतला डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत, म्हणजे माझा प्रवास लिहिणारे विष्णुभट गोडसे हेही वरसईचेच. आणि ते पुस्तक १९०७ साली छापून लोकांसमोर आणलं ते चिंतामणराव वैद्य यांनी. भारताचार्य म्हणून ओळखले जाणारे वैद्य मूळचे कल्याणचे. पेणच्या भटजींची आठवण आणि कल्याणच्या विद्वानाचं संपादन, असा तो जोडा होता. त्याची पुढची गोष्ट नंतर येईल.

राजवाडे लहान असतानाच वडील गेले. शिक्षण पुण्यात झालं. थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ हेही पुढे संस्कृतचे मोठे अभ्यासक झाले, निरुक्तावरच्या कामासाठी त्यांचं नाव घेतलं जातं. धाकटे विश्वनाथ डेक्कन कॉलेजात गेले. पण नेमलेली पुस्तकं सोडून बाकी सगळं वाचायचं, अशी त्यांची तऱ्हा. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र, जे हाताला लागेल ते. त्यामुळे बी.ए. व्हायला वेळ लागला. त्याची त्यांना खंतही नव्हती.

काही काळ शाळेत शिकवलं. मग भाषांतर नावाचं मासिक काढलं. जगातले चांगले ग्रंथ मराठीत यावेत हा हेतू. प्लेटोच्या रिपब्लिकचं मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केलं. मासिक फार चाललं नाही. लग्न झालं होतं, पण थोड्याच वर्षांत पत्नीचं निधन झालं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरी नाही, संसार नाही, हातात पैसा नाही, अशा अवस्थेत तिशी ओलांडलेला हा माणूस कुठे जाणार होता कोणास ठाऊक.

तो गेला वाईला.

वाईतले कागद

वाईला एरंडे यांच्या घरी जुने कागद आहेत असं राजवाड्यांना कळलं. जाऊन पाहिलं तर ती पानिपतच्या काळातली पत्रं होती. युद्धाच्या आधी आणि युद्धाच्या धामधुमीत लिहिलेली. कोणाला किती रसद पाठवली, पैसा कुठे अडला, अब्दालीची फौज कुठे आहे, असा रोजचा मजकूर. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं त्यातच होती.

तोवर पानिपत म्हणजे बखरी, पोवाडे आणि ग्रांट डफ. जेम्स ग्रांट डफ हा साताऱ्यात राहिलेला ब्रिटिश अधिकारी. त्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला आणि शिकलेली पिढी तोच वाचत मोठी झाली. राजवाड्यांच्या लक्षात आलं, की आपला इतिहास दुसऱ्याने लिहिलाय ही अर्धीच तक्रार आहे. खरी अडचण अशी, की तो तपासून बघायला लागणारे मूळ कागद कोणी गोळाच केलेले नाहीत.

१८९८ साली त्यांनी वाईच्या कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालिकेचा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१ या काळातली पत्रं त्यात होती आणि सोबत लांबलचक प्रस्तावना. पानिपत का हरलो याचा विचार दैव, शाप, अपशकुन बाजूला ठेवून तारखा, अंतरं आणि रसदीच्या आकड्यांवर केलेला होता.

तिथून पुढे १९१७पर्यंत या मालिकेचे २२ खंड निघाले.

सरकारी दप्तर बंद, म्हणून लोकांची दारं

प्रश्न पडेल, की राजवाडे घराघरात का फिरत होते? पेशव्यांचं एवढं मोठं दप्तर पुण्यात होतं की.

होतं. पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात होतं आणि अभ्यासकांना मोकळेपणाने बघायला मिळत नव्हतं. ते खऱ्या अर्थाने लोकांसमोर आलं ते राजवाडे गेल्यावर. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तराचे निवडक ४५ खंड १९३०च्या दशकात छापले गेले, तेव्हा. राजवाड्यांच्या काळात तो दरवाजा बंद होता, म्हणून त्यांनी दुसरा शोधला. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सावकार, मठ, देवस्थानं. ज्यांच्या पूर्वजांनी कधीतरी कारभार केला असेल, त्यांच्याकडे कागद असणारच, हा साधा हिशेब.

पण कागद असणं आणि ते दाखवणं यात फरक होता. लोक घाबरत होते, आणि त्याला कारणही होतं. १८५०च्या दशकात इंग्रजांच्या इनाम कमिशनने जमिनींचे पुरावे मागून अनेकांची इनामं खालसा केली होती. त्यानंतर जुना कागद म्हणजे सरकारी झेंगट, अशी भीती घरोघर बसली. शिवाय भाऊबंदकी. वाटणीचा एखादा कागद बाहेर आला आणि चुलत भावाच्या हाती लागला तर काय घ्या! त्यामुळे अनोळखी माणसाने दारात येऊन दप्तर मागितलं, की पहिलं उत्तर नाही असंच यायचं.

राजवाडे परत जायचे. पुन्हा जायचे. गावात मुक्काम करायचे, स्वतःच्या हाताने शिजवून खायचे, मैलोन्मैल चालायचे. खर्च कमीत कमी, राहणी अगदी साधी, स्वभाव मात्र तापट. एखाद्या घरात पोचावं तर कळायचं, की कागद वाळवीने खाल्ले, पावसात भिजले किंवा बंबात गेले. तेव्हा त्यांचा संताप अनावर व्हायचा. त्यांच्या प्रस्तावनांमध्ये हा राग जागोजाग दिसतो. राग अडाण्यांवर नव्हता. शिकून सवरूनही आपल्या घरातलं दप्तर काय आहे हे न बघणाऱ्यांवर होता.

एक पत्र वाचायचं म्हणजे काय करायचं

कागद मिळाला की काम संपलं असं नाही. तिथून सुरू होतं.

पहिली अडचण मोडीची. मोडीत हात न उचलता झरझर लिहितात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्द एकमेकांना चिकटलेले. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं.

दुसरी अडचण तारखेची. आपण सहज १४ जानेवारी १७६१ म्हणतो, पण त्या काळच्या पत्रात अशी तारीख नसते. मराठी कारभारात सुहूर सन चालायचा, आणि तो आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहायचे. उदाहरणार्थ, इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतं. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास, मे महिन्याच्या शेवटी सुरू व्हायचं. म्हणजे हा सन मे १७६० ते मे १७६१ असा धरायचा. पानिपतची लढाई त्यातच येते.

बरं, हा सन तरी पत्रात असेल का? नेहमी नाही. कित्येक पत्रांत फक्त महिना आणि चंद्राची तारीख. वर्ष कोणतं ते मजकुरावरून ओळखायचं. पत्रात कोणाच्या मृत्यूचा, कोणत्या मोहिमेचा उल्लेख आहे ते बघायचं आणि दुसऱ्या पत्रांशी ताडून काळ ठरवायचा. असं एकेक पत्र करत २२ खंड झाले.

राजवाड्यांचा एक नियम महत्त्वाचा होता. कागद जसा आहे तसा छापायचा. भाषा सुधारायची नाही, आपल्याला न पटणारी ओळ गाळायची नाही.

हा नियम का हवा, ते गोडसे भटजींच्या पुस्तकावरून कळतं. वैद्यांनी १९०७ साली ते छापताना भाषेत आणि मजकुरात बरेच फेरफार केले होते. तीन पिढ्या तीच आवृत्ती वाचत राहिल्या. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेलं आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ छापला, तेव्हा वरसईच्या भटजींचा स्वतःचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला. हस्तलिखित जपलं गेलं नसतं, तर तो आवाज कायमचा गेला असता.

मंडळ उभं राहिलं

एकट्या माणसाने किती कागद गोळा करायचे? आणि गोळा केलेले ठेवायचे कुठे?

७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. पुढे महाराष्ट्रातल्या इतिहास संशोधनाचं ते मोठं केंद्र झालं. घराण्यांनी आपली दप्तरं विश्वासाने आणून द्यावीत अशी जागा पहिल्यांदा तयार झाली.

राजवाडे मात्र तिथेही फार काळ रमले नाहीत. सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि त्यांनी मंडळ सोडलं. संस्था उभी करायची, ती चालू लागली की तिथून निघायचं, असं त्यांच्या बाबतीत झालं खरं.

दरम्यान त्यांचा अभ्यास पत्रांपुरता राहिला नव्हता. ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत त्यांना मिळाली, ती त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचं व्याकरण लिहिलं. शिवकाळातल्या कागदांत फारसी शब्द किती आणि मराठी किती, हे मोजून दाखवलं. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचं राधामाधवविलासचंपू हे काव्य १९२२ साली छापलं. गावांची नावं, आडनावं, क्रियापदांचे धातू, सगळं गोळा करत राहिले. कागद नसेल तिथे गावाचं नावच कागदासारखं वाचता येतं, असा त्यांचा विश्वास होता.

हे सगळं त्यांनी मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर कीर्ती लांबवर गेली असती. पण ज्यांचा इतिहास आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे, यावर ते ठाम होते.

आणि मग ठाण्याची बखर

आता आपल्या भागाकडे येऊ.

ठाणे, साष्टी, वसई, माहीम या किनारपट्टीचा इतिहास शोधणं पुण्या-साताऱ्यापेक्षा अवघड आहे. कारण इथे राज्यकर्ते सारखे बदलले. आधी शिलाहार, ज्यांच्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक असं येतं. तेराव्या शतकात देवगिरीचे यादव. मग सुलतानी अंमल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि १७३९ साली वसई. १७७४ साली ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. प्रत्येकाची भाषा वेगळी, दप्तर वेगळं, काही कागद तर समुद्रापार. कल्याणचं नाव कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत येतं, इतकं जुनं आहे. पण तिथून थेट मराठेशाहीपर्यंत यायचं तर मधली सलग गोष्ट सांगणारं काही हाताशी नव्हतं.

अशा ठिकाणची सलग गोष्ट सांगणारा एक मराठी ग्रंथ राजवाड्यांनी १९२४ साली संपादित करून छापला. महिकावतीची बखर.

महिकावती म्हणजे माहीम. ही बखर एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही. तिची सहा प्रकरणं आहेत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. त्यातला सर्वात जुना भाग राजवाड्यांनी शके १३७०चा ठरवला, म्हणजे इसवी सन १४४८. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षं आधीचा.

तो का लिहिला गेला, ही गोष्ट फार वाचण्यासारखी आहे. बखर सांगते, की राज्यं उलटली, धामधूम झाली, लोक पांगले, आणि कोण कुठला, कोणाचं कुळ कोणतं, गोत्र कोणतं, वतन कोणतं, हे कोणाला नीट सांगता येईना. तेव्हा मालाडच्या नायकोराव देसायाला देवीने दृष्टांत दिला. त्याने आसपासच्या लोकांची सभा भरवली आणि केशवाचार्यांनी जुनी माहिती सांगून सगळ्यांची कुळं लिहून काढली.

म्हणजे आज लोक घराण्याची वंशावळ शोधतात, कुलदैवत कोणतं ते विचारत फिरतात, तेच मालाडला पावणेसहाशे वर्षांपूर्वी झालं होतं. आणि कारणही तेच. उलथापालथीत मुळं हरवल्याची जाणीव.

बखरीत प्रतापबिंब राजाची कथा आहे. तो आपल्याबरोबर ६६ कुळं घेऊन या किनाऱ्यावर आला आणि त्यांना गावं वाटून वसवलं, असं ती सांगते. सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी अशी कुळांची मांडणी, त्यांची गोत्रं आणि कुलदेवता असा तपशील त्यात आहे. पाठारे प्रभू, पाचकळशी, चौकळशी, वाडवळ हे समाज आपल्या मुळाचा शोध घेताना आजही या बखरीपाशी येतात. ठाणे, मालाड, मरोळ, वाळकेश्वर अशी आपल्या रोजच्या तोंडातली नावं तिच्यात भेटतात. साष्टी हे नावच षट्षष्टि, म्हणजे ६६ गावं, यावरून आलं असं मानलं जातं.

महाराष्ट्रधर्म हा शब्दही या बखरीत आहे, समर्थ रामदासांच्या सुमारे दोनशे वर्षं आधी. त्यामुळे तिची चर्चा मुंबई-ठाण्यापुरती राहिली नाही.

बखरीतलं सगळं खरं आहे का? नाही. बिंब राजा नेमका कोण, चांपानेरहून आलेला की यादवांच्या घराण्यातला, आणि त्याचा काळ बाराव्या शतकातला की तेराव्याच्या शेवटचा, यावर अभ्यासकांत वाद आहेत. शिलालेखांशी ताडून पाहिलं तर काही तारखा जुळत नाहीत. राजवाड्यांनी लांब प्रस्तावना लिहून कोणतं प्रकरण कोणत्या काळचं, कोणता भाग ऐकीव, कोणता जवळून पाहिलेला, हे वेगळं करून दाखवलं. त्यांचे सगळे निष्कर्ष पुढच्यांनी मान्य केले असंही नाही. पण वाद घालायला मूळ पाठ हाताशी आला, तो त्यांच्यामुळे.

ठाण्यातला मिठागरवाला

राजवाडे महाराष्ट्रभर फिरत असताना खुद्द ठाण्यात आणखी एक माणूस तेच वेड घेऊन बसला होता. विनायक लक्ष्मण भावे.

भाव्यांचा जन्म १८७१चा, पनवेलजवळच्या पळस्प्याचा. शिक्षण बी.एस्‌सी., धंदा ठाण्याच्या मिठागरांचा. शास्त्र शिकलेला, मिठाचा व्यापार करणारा हा माणूस, पण जीव अडकलेला जुन्या मराठी पोथ्यांत. वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच, १ जून १८९३ रोजी, त्यांनी विष्णू भास्कर पटवर्धन आणि इतरांच्या साथीने ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं. फक्त मराठी पुस्तकं जमवण्यासाठी काढलेलं ग्रंथालय ही त्या काळात नवी कल्पना होती. मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली निघालं.

भाव्यांनी १९०३ साली महाराष्ट्र कवि नावाचं मासिक काढून जुन्या कवींची हस्तलिखितं छापायला सुरुवात केली. महाराष्ट्र सारस्वत हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. मराठी दप्तर या मालेत शेडगावकर भोसल्यांच्या घराण्याची बखर प्रसिद्ध केली. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत कुलुपबंद होते. ते कुलूप उघडून तो खजिना मराठी वाचकांसमोर आणण्याच्या कामात राजवाडे आणि भावे या दोघांचीही नावं घेतली जातात.

१२ सप्टेंबर १९२६ रोजी भावे गेले. साडेतीन महिन्यांनी राजवाडे. त्या एका वर्षात मराठीने जुने कागद वाचवणारी दोन मोठी माणसं गमावली.

इतिहासाचार्यांशी भांडणारेही होते

राजवाड्यांना देव करून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

कागद छापताना काटेकोर असणारा हा माणूस मत मांडताना मात्र बेधडक होता. जातींबद्दल, कोणत्या समाजाने मराठी राज्याचं भलं केलं आणि कोणी वाटोळं केलं याबद्दल, त्यांनी फार ठोक विधानं केली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाबद्दलच्या त्यांच्या लिखाणाने मोठा वाद पेटला. पनवेलच्या केशव सीताराम ठाकरे यांनी, म्हणजे प्रबोधनकारांनी, १९१८ साली कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहून राजवाड्यांना आणि मंडळाला सडेतोड उत्तर दिलं. पुढच्याच वर्षी ग्रामण्याचा साद्यंत इतिहास लिहिला. या वादात प्रबोधनकार नुसते रागावले नाहीत. त्यांनीही कागद, बखरी आणि पुरावेच पुढे केले.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घराण्याचा आणि जातीचा इतिहास हा नाजूक विषय आहे. त्यात माणसाचा मान अडकलेला असतो. एखाद्या विद्वानाने एक वाक्य लिहावं आणि एका अख्ख्या समाजाने आपल्या पूर्वजांची बदनामी झाली म्हणून पेटून उठावं, असं तेव्हाही झालं आणि आजही होतं. त्यातून बाहेर पडण्याचा मार्गही तोच. समोरच्याने कागद दाखवावा, आपणही दाखवावा.

शेवट धुळ्याला

शेवटची वर्षं राजवाड्यांनी बरीचशी धुळ्याला काढली. तिथे शंकर श्रीकृष्ण देव यांची सत्कार्योत्तेजक सभा होती. समर्थ संप्रदायाचे कागद गोळा करण्याचं काम देवांनी तिथे केलं होतं. त्यामुळे राजवाड्यांना समजून घेणारी माणसं धुळ्यात होती. धातुकोशाचं काम चालू होतं, व्युत्पत्तीची टिपणं वाढत होती. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी लिहिलं, त्यानेही सनातन्यांत खळबळ उडाली.

१९२६च्या शेवटच्या दिवशी ते गेले. मागे घर नाही, पैसा नाही. कागदांनी भरलेल्या पेट्या तेवढ्या होत्या. त्या पेट्यांसाठी आणि त्यांच्या अपुऱ्या कामासाठी १९२७च्या जानेवारीत धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. पुढे साने गुरुजींनी त्यांचं चरित्र लिहिलं.

आता आपल्या माळ्यावर काय आहे?

राजवाड्यांच्या काळात कागदांचे शत्रू होते वाळवी, पाऊस आणि बंब. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत त्यात एकाची भर पडली आहे. पुनर्विकास. जुना वाडा किंवा चाळ पाडायची ठरते, महिनाभरात भाड्याच्या घरात जायचं असतं, आणि माळ्यावरची ती पत्र्याची पेटी कोणाच्याच हिशेबात नसते. ती रद्दीवाल्याकडे जाते.

ती देण्याआधी उघडून बघा. आतला कागद मोडीत असेल तर काही कळणार नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. त्यात खरेदीखत असेल, गहाणखत असेल, वाटणीपत्र असेल, पत्रिका असेल, नाहीतर एखाद्या लग्नाच्या खर्चाची यादी असेल. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. त्याने कागद कायमचा बिघडतो. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा. कोणाच्या घरात, कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांबरोबर सापडला ते लिहून ठेवा. मोडी शिकवणारे वर्ग आता जागोजाग चालतात आणि २०१४पासून मोडी युनिकोडमध्येही आहे.

घरात काहीच नसेल तर बाहेर बघता येतं. गावच्या तलाठी किंवा तहसील दप्तरात जुने फेरफार असतात. गाव नमुना १४ मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी असायच्या, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं गाववार आणि आडनाववार मिळतात. पुण्याचं पेशवे दप्तर आता अभ्यासकांना खुलं आहे. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर छापील आहे, त्यात तेव्हाची गावं, जाती, धंदे, बंदरं यांची तपशीलवार माहिती आहे. अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय तर घराजवळच आहे.

आणि सगळ्यात आधी घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारा. मूळ गाव, कुलदैवत, आजोबांचे भाऊ किती, इकडे कधी आणि का आलो. कागद काही वर्षं तरी थांबतो. आजी-आजोबांच्या तेवढी थांबण्याची खात्री नसते.

राजवाड्यांनी २२ खंड काढले, पण त्यातला प्रत्येक कागद आधी कोणीतरी सांभाळलेला होता. वाईच्या घरात, कुठल्या मठात, कुठल्या कुलकर्ण्याच्या ओसरीवर. महिकावतीची बखर एकाने लिहिली, दुसऱ्याने पुढे चालवली, तिसऱ्याने नक्कल करून ठेवली, म्हणून ती १९२४ सालापर्यंत पोचली आणि ठाण्याला आपली गोष्ट मिळाली. सांभाळणाऱ्या त्या बहुतेकांची नावं आज कोणाला माहीत नाहीत. पण त्यांनी पेटी फेकली नाही.